चहाच्या पेल्यांतील साबुदाणा



ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथील दुकानांतून, आणि आतां घरांतूनही, एक नवें पेय दिसूं लागलें आहे. थंड दुधाचा चहा, त्याच्या तळाशीं काळसर, चिवट व गोड गोळ्या, आणि त्या ओढून घेतां याव्या म्हणून बोटाएवढी जाड नळी. तरुण मंडळी त्यास 'बबल टी' म्हणतात. एखाद्या घरीं आजी त्या पेल्यांत डोकावते आणि "अग, हा तर साबुदाणा!" असें म्हणते, तेव्हां नात हंसते. इतिहास पाहूं गेल्यास मात्र आजीचें म्हणणें बरेंचसें खरें ठरतें. तें कसें, हेंच आज सांगावयाचें आहे.

आपला साबुदाणा आणि त्या काळ्या गोळ्या यांचें मूळ एकच. आणि येथें मूळ हा शब्द अक्षरशः घ्यावा. कसावा किंवा टॅपिओका नांवाच्या झुडपाचें तें मूळ होय. हें झुडूप दक्षिण अमेरिकेंतलें. पोर्तुगीजांनीं तें मलबार किनाऱ्यावर आणलें, आणि एकोणिसाव्या शतकांत त्रावणकोरचे राजे विशाखम् तिरुनाळ यांनीं त्याच्या लागवडीस उत्तेजन दिलें. साबुदाणा मात्र पूर्वीं या मुळाचा नव्हता. मलाया व त्याच्या पूर्वेकडील बेटें येथें सागू नांवाचा एक ताड होतो. त्याच्या खोडांतील सत्त्वाचे दाणे करीत, आणि ते सिंगापूर-पेनांगकडून जहाजानें आपल्याकडे येत. साबुदाण्याच्या नांवांत तो सागू अद्याप राहिला आहे.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर जपानच्या हातीं पडलें आणि ती वाट बंद झाली. तेव्हां सेलम येथील माणिक्कम चेट्टियार या व्यापाऱ्यानें, पेनांगहून आलेल्या पोपटलाल शहा यांच्या माहितीच्या आधारें, १९४३ च्या सुमारास कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा उद्योग आरंभिला. मुळें कुटावीं, त्यांचें दूध गाळावें, खालीं बसलेल्या सत्त्वाचे दाणे करावे, आणि ते तापल्या तव्यावर भाजून वाळवावे, अशी ती कृति. आज आपल्या उपवासाचा साबुदाणा मुख्यतः त्याच भागांतून येतो.

आतां उपवासाच्या खिचडीकडे पाहा. कसाव्याचा साबुदाणा, शेंगदाणे, मिरची आणि बटाटा, हे चौघेही अमेरिका खंडांतून आलेले पाहुणे. सोळाव्या शतकापूर्वींच्या कोणत्याही व्रतग्रंथांत त्यांचें नांव असणें शक्य नाहीं. तरीही एकादशीच्या ताटांत त्यांस मान मिळाला. हीं धान्यें नव्हेत, एवढें कारण आपल्या घरांना पुरलें.

चहाला असा सहज प्रवेश मिळाला नाहीं. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एक सभा झाली व तींत चहा-बिस्किटें देण्यांत आलीं. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करविलीं, आणि न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्याचा प्रसंग आला. दोष चहाचा नव्हता. तो कोणाच्या हातचा, याचा होता. ग्रामण्य म्हणजे घरच्या कार्यास भटजी न मिळणें आणि पंगतीस कोणी न बसणें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि १८९२ सालीं रानडे यांनीं प्रायश्चित्त घेतलें.

पुढें १९०३ सालीं चहाच्या निर्यातीवर उपकर बसला, आणि त्या पैशांतून चहाचा प्रसार सुरू झाला. आपल्या भागांत आगगाडी आधींच आली होती: १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यास, आणि १८५४ सालीं कल्याणास. देशांतील स्टेशनांवर पुष्कळ काळ 'हिंदु चहा' व 'मुसलमान चहा' असे निराळे पुकारे ऐकूं येत. तेही मागें पडले.

कसावा आणि चहा, या दोन प्रवाशांची एका पेल्यांत गांठ पडली ती मात्र तैवान बेटांत. तेथें कसाव्याच्या गोळ्या गोड पदार्थ म्हणून आधींपासून खात असत, आणि चहा हलवून, फेंसाळ व थंड करून पिण्याचीही चाल पडली होती. १९८० नंतरच्या दशकांत या दोन चाली एकत्र आल्या. ताइनानचें हानलिन व ताइचुंगचें चुन शुई तांग हीं दोन दुकानें पहिलेपणाच्या मानासाठीं दहा वर्षें न्यायालयांत भांडलीं. २०१९ सालीं निर्णय झाला कीं, हें पेय कोणीही करूं शकतो. तेव्हां प्रथम कोणीं केलें, हें ठरविण्याचें कारण नाहीं.

मग आपण तें घरीं कां करूं नये? नात प्रथम डब्यांतला साबुदाणाच चहांत घालून पाहते आणि फसते; तो दाणा मऊ होतो, चिवट होत नाहीं. त्यासाठीं एक वाटी कसाव्याचें पीठ, पाव वाटी गूळ आणि वाटीचा तिसरा हिस्सा पाणी घ्यावें. गूळपाणी खळखळून उकळतांच पिठावर ओतावें व मळावें. त्या उष्णतेनें कांहीं पीठ शिजून चिकट होतें आणि उरलेल्या पिठास धरून ठेवतें; पाणी निवालें असेल, तर पीठ हातांतून ओघळूं लागतें. मोदकांची उकड काढणाऱ्या हातांना हें शिकवावयास नको. हरभऱ्यापेक्षां लहान गोळ्या वळाव्या, वीस-पंचवीस मिनिटें उकळाव्या, तितकाच वेळ झांकून ठेवाव्या, आणि मग गुळाच्या पाकांत सोडाव्या. दुधाच्या गरम चहांत गूळ पडला कीं दूध फाटतें, म्हणून चहा आधीं निववून घ्यावा. गोळ्या त्याच दिवशीं संपवाव्या, कारण दुसऱ्या दिवशीं त्या कडक होतात. अगदीं लहान मुलांस मात्र देऊं नयेत. घशांत अडकण्याचें भय असतें.

कल्याणचें नांव पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत बंदर म्हणून आलेलें आहे. परदेशीं माल उतरवून घेण्याची संवय या भूमीस नवी नव्हे. आजी आतां एवढेंच विचारील कीं, "हें एकादशीला चालेल ना?" साबुदाणा चालतो, गूळ चालतो, पुष्कळ घरीं चहाही चालतो. १८९० सालीं चहाच्या एका पेल्याचा निवाडा शंकराचार्यांकडे न्यावा लागला होता. या पेल्याचा निवाडा आजीनें स्वयंपाकघरांत बसून करावा. आणि करण्यापूर्वीं एक घोट अवश्य घेऊन पाहावा.