होळकर संघाची चौदा वर्षे

होळकर हे नाव उच्चारताच आपल्या मनात पहिल्याने उभी राहते ती पुण्यश्लोक अहिल्याबाई आणि काशी, वेरूळ, सोरटी सोमनाथ येथील त्यांची देवालये. त्याच घराण्याच्या नावाने क्रिकेटचा एक संघ या देशात चौदा वर्षे खेळला, मुंबईसारख्या महानगराच्या तोंडचे पाणी त्याने पळविले आणि नंतर तो नामशेष झाला, हे मात्र आजच्या पिढीस क्वचितच ठाऊक असते. भरवेलीच्या मँगेनीज खाणीच्या परिसरातील आणि एकंदर बालाघाट जिल्ह्यातील वाचकांस तर या इतिहासाची ओळख असावयास हवी. कारण त्यांच्याकडे त्याचा वारसा एका निराळ्याच वाटेने आला. ती वाट पुढे सांगतो.

रणजी करंडकाचे सामने १९३४–३५ साली सुरू झाले. इंदूरच्या संघाने ‘होळकर’ हे नाव घेऊन त्यांत भाग घेतला तो १९४१–४२ पासून. परंतु त्याची पायाभरणी फार आधीची. नागपुरात जन्मलेले व तेथेच नावारूपाला आलेले सी. के. नायडू यांना तुकोजीराव होळकरांनी १९२३ साली इंदूरला बोलावून घेतले आणि आपल्या फौजेत कॅप्टनची जागा दिली. हाच पायंडा पुढे यशवंतराव होळकरांच्या कारकीर्दीत चालू राहिला. कर्नल नायडू, कॅप्टन मुश्ताक अली, मेजर जगदाळे ही लष्करी बिरुदे संघाच्या यादीत दिसतात ती उगाच नव्हेत. खेळाडूला चरितार्थाची चिंता नसावी, एवढी साधी गोष्ट इंदूरकरांनी ओळखली होती. दोन लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या गावाने थोरामोठ्या शहरांशी टक्कर दिली, तिचे मर्म मुख्यतः येथे आहे. ‘भाडोत्री संघ’ म्हणून नाके मुरडणारे तेव्हाही असतील; पण मुश्ताक अली तर खुद्द इंदूरचेच, आणि चंदू सरवटे सागरचे होते.

संघाचा पराक्रम आकड्यांत सांगावयाचा तर चौदा हंगामांत दहा वेळा अंतिम सामना आणि चार वेळा विजय, १९४५–४६, १९४७–४८, १९५०–५१ व १९५२–५३ या वर्षी. परंतु त्या संघाची खरी जातकुळी कळते ती त्याच्या एका पराभवात. १९४४–४५ चा अंतिम सामना मुंबईविरुद्ध मुंबईतच झाला. महायुद्धामुळे इंग्लंडचा विख्यात फलंदाज डेनिस कॉम्प्टन तेव्हा इंदूरजवळच्या महूच्या छावणीत होता; होळकरांनी त्याला संघात घेतले. मुंबईने दोन डावांत ४६२ व ७६४ धावा केल्या. विजयासाठी ८६७ धावा हव्या असताना एखादा संघ हातपाय गाळून बसला असता. कॉम्प्टनने नाबाद २४९ धावा काढल्या, मुश्ताक अलींनी सामन्यात दोन शतके ठोकली, आणि ४९२ वर डाव संपला तेव्हा होळकर ३७४ धावांनी हरले होते. इतकी झुंज दिल्यावर हार झाली, हे सांगण्यात कसला संकोच?

पुढच्याच हंगामात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ धावा केल्या. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, भाऊसाहेब निंबाळकर व प्रतापसिंह अशी सहा जणांची शतके त्या एकाच डावात लागली. तोवर कोठेही असे घडलेले नव्हते. अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध नायडूंनी द्विशतक काढले तेव्हा त्यांचे वय पन्नास होते! त्या वयात आपणांपैकी बहुतेकजण देवळाच्या पायऱ्या चढतानाही मध्ये टेकतात. मात्र १९४७ च्या मार्चमध्ये बडोद्याने वचपा काढला. विजय हजारे व गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली आणि होळकर एक डाव व ४०९ धावांनी कोसळले.

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्याच काळात मुंबईची पंचरंगी स्पर्धा धर्मवार संघांत खेळली जाई. तीत नायडू हिंदूंकडून, तर मुश्ताक अली मुसलमानांकडून उतरत. इंदूरला परतल्यावर मात्र दोघे एकाच संघाचे. फाळणीच्या वणव्यानंतरच्या १९४७–४८ च्या हंगामात होळकरांनी मुंबईला हरवून करंडक जिंकला. मुश्ताक अली अखेरपर्यंत इंदुरातच राहिले आणि २००५ साली तेथेच निवर्तले.

१९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. राजाश्रय गेला, तरी संघ जुन्या पुण्याईवर आणखी काही वर्षे तगला. इतकेच नव्हे तर दोन करंडक त्याने विलीनीकरणानंतर मिळविले. १९५४–५५ चा अंतिम सामना घरच्याच मैदानावर मद्रासशी झाला आणि होळकर अवघ्या ४६ धावांनी हरले. पुढल्या हंगामात संघाचे नाव मध्यभारत झाले होते.

मग १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना आली. तोपर्यंत बालाघाट जिल्ह्याची राजधानी नागपूर. भरवेलीच्या मुलाला क्रिकेटचे स्वप्न पडले तर ते नागपूरच्या दिशेने पडावे, असा भूगोल होता. नव्या नकाशात नागपूर महाराष्ट्राकडे जाण्याच्या वाटेवर मुंबई राज्यात गेले, बालाघाट नव्या मध्यप्रदेशात राहिले, आणि तेथील क्रिकेटचे केंद्र दूरचे इंदूर ठरले. विदर्भाचा संघ वेगळा झाला. अशा रीतीने ज्या गावाशी बालाघाटचा पूर्वापार फारसा संबंध नव्हता, त्याचा वारसा त्याच्या पदरात पडला. अंतर मोठे, आणि नोकरी देऊन खेळाडू पोसणारा दरबार आता नव्हता. कोपऱ्यातल्या जिल्ह्यांस या वारशाचा किती उपयोग झाला असेल, हे वाचकांनीच ताडावे.

इंदूरमध्ये धागा अगदी तुटला नाही. मेजर जगदाळ्यांचे चिरंजीव संजय जगदाळे मध्यप्रदेशाकडून खेळले व पुढे भारतीय नियामक मंडळाचे सचिव झाले. इंदूरच्या मैदानास २०१० साली होळकरांचे नाव देण्यात आले. १९९८–९९ साली चंद्रकांत पंडित यांच्या नेतृत्वाखाली मध्यप्रदेश अंतिम सामन्यात पोहोचला आणि बंगलोरला कर्नाटकाकडून हरला. त्याच मैदानावर जून २०२२ मध्ये पंडित यांच्याच मार्गदर्शनाखाली मध्यप्रदेशाने मुंबईला सहा गड्यांनी हरवले. १९५३ नंतर करंडक इंदूरला परत आला, तो तेव्हा.