लाटेकमध्ये समीकरणांसाठी स्वतःच्या शॉर्टकट कमांड कशा बनवायच्या?

सीवूड्स ते सीएसएमटी, हार्बर लोकलने तासाभराहून जास्त लागतो. त्या वेळात काही दिवस मी एका मित्राच्या प्रबंधातले बाण मोजत होतो. गाईडने सांगितलं होतं, सदिशावर बाण नको, ठळक अक्षर हवं. मित्राने बाणाची कमांड प्रत्येक ठिकाणी हाताने टाइप केलेली. 'रिप्लेस ऑल' मारता येईना, कारण काही बाण सदिशांचे नव्हते, ग्राफमधली दिशा दाखवणारे होते.

हे टाळायला लाटेकमध्ये 'न्यूकमांड' आहे. बॅकस्लॅश देऊन न्यूकमांड लिहायचं, पहिल्या महिरपी कंसात नवं नाव, मग चौकोनी कंसात किती इनपुट घेणार तो आकडा (जास्तीत जास्त ९), शेवटच्या महिरपी कंसात काय छापायचं ते. पहिलं इनपुट जिथे हवं तिथे हॅश आणि १. हे सगळं प्रीअँबलमध्ये, म्हणजे 'बिगिन डॉक्युमेंट'च्या आधी. नाव दिसण्यावरून नको, अर्थावरून ठेवा: 'ठळक' नाही, 'सदिश'. मग गाईडचं मत बदललं तरी एकच ओळ बदलते. नावात आकडे मात्र चालत नाहीत.

मराठीत गणित लिहिणाऱ्यांना याची जास्त गरज. झीलाटेकमध्ये समीकरणात थेट 'ज्या' टाइप केलं तर नेहमीच्या गणिती फाँटमध्ये ती अक्षरं नसतात. पीडीएफमध्ये जागा रिकामी, आणि इशारा लॉग फाईलमध्ये. तो कोण वाचतं? म्हणून एएमएसमॅथ पॅकेजमधल्या 'ऑपरेटरनेम'च्या आत 'टेक्स्ट' आणि त्यात 'ज्या', अशी एक कमांड करून ठेवा. नुसतं 'मॅथऑप' वापरलं तर स्वतंत्र ओळीतल्या समीकरणात ज्या-वर्गाचा २ बाजूला न येता थेट डोक्यावर बसतो.

आता धोका. एकाक्षरी नावांचा मोह सगळ्यांनाच होतो. पण त्यातली बरीच आधीच घेतलेली आहेत: 'व्ही', 'सी', 'बी', 'डी' या अक्षरांवर किंवा अक्षरांखाली खुणा देणाऱ्या कमांड आहेत. न्यूकमांड निदान एरर देतं. तो एरर घालवायला लोक 'रिन्यूकमांड' करतात, आणि तिथे फसतात. 'डी' ही अक्षराखाली टिंब देणारी कमांड. कलनासाठी ती बदलली की संदर्भसूचीत रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी नावांतल्या 'ट', 'ड'खालची टिंबं जातात आणि तिथे कलनाचा 'डी' उगवतो. जुनी 'डेफ' कमांड तर काही न विचारताच नाव बळकावते, म्हणून ती शक्यतो टाळा.

मित्राच्या फाईलमध्ये शेवटी 'सदिश' आणि 'दिशा' अशा दोन कमांड केल्या. कुठला बाण कुठल्या कमांडचा, हे मात्र हातानेच ठरवावं लागलं. वाशी ते कुर्ला, चार दिवस.