उसनी ऊब

नांदुऱ्याच्या माणसाला बर्फ माहीत असतो तो दोनच ठिकाणचा. एक रसवंतीतला आणि दुसरा गोळ्याच्या गाडीवरचा. दोन्हीकडे तो गोणपाटात गुंडाळून येतो. म्हणजे आमच्याकडे कपडे बर्फाला घालावे लागतात. बर्फामुळे माणसाने कपडे घालायचे, ही गोष्टच आम्हाला उलटी वाटते.

थंडीची आमची तयारी म्हणजे एक मफलर, एक कानटोपी आणि एक गोधडी. मफलर दिवाळीनंतर बाहेर निघतो, तोही थंडीपेक्षा डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून.

अशा माणसाला त्याच्या मुलीने एके दिवशी पुण्याहून फोन केला. "बाबा, फेब्रुवारीत गुलमर्गला जायचंय. स्कीइंगला. तुमचंही नाव घातलंय."

"म्हणजे ते पायाला फळ्या बांधून घसरतात, तेच ना?"

"तेच."

"घसरायला इतक्या लांब कशाला?" ही आतून म्हणाली. "मोरीत नाही का घसरले होते मागच्या पावसाळ्यात? फळ्याही लागल्या नव्हत्या."

मग कपड्यांची यादी आली. अंगाला चिकटून एक थर, त्यावर उबेचा दुसरा, त्यावर वारा-पाणी अडवणारा तिसरा. शिवाय लोकरीचे मोजे, जाड हातमोजे, गॉगल. यादीतल्या एका जाकिटाच्या किमतीत आम्ही दोघे रेल्वेने काश्मीरला जाऊन परत आलो असतो आणि वाटेत जेवलोही असतो. मुलीच्या नोकरीचे ते पहिलेच वर्ष. तिच्या पगारातून आपल्याला एक मोजाही घ्यायचा नाही, असे मी मनाशी ठरवले. आमच्या गावात 105 फुटी मारुती उभा आहे. हा देव हिमालयात गेला आणि द्रोणागिरी उचलून घेऊन आला, पण निघण्यापूर्वी त्याने कोणाकडून यादी मागवल्याचे रामायणात नाही.

यादीच्या शेवटी एक ओळ ठळक होती: 'सुती कपडे आणू नयेत.' ही ओळ मी आमच्या टेलरमास्तरांना वाचून दाखवली. त्यांनी सुई थांबवली.

"काहून नाही चालत सुती? मंग इंग्रज काय उगाच नेत होते का आपला कापूस?"

मास्तरांचा प्रश्न खोटा नव्हता. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना आणि गिरण्यांची नजर आमच्या वऱ्हाडाकडे वळली. खामगावच्या कापसासाठी जलंबपासून वेगळा रेल्वेफाटा काढला, तो 1870 साली सुरू झाला. जलंब म्हणजे आमच्या शेजारचेच स्टेशन. आम्ही साऱ्या जगाला कापूस पुरवायचा आणि बर्फात त्यालाच प्रवेश नाही!

कारण मात्र साधे आहे. कापूस पाणी पितो आणि सोडत नाही. ऊब देते ती धाग्यांमध्ये अडकलेली हवा. सुती कापड भिजले की त्या हवेच्या जागी पाणी बसते आणि ते अंगाची ऊब ओढून घेते. लोकर भिजली तरी थोडी हवा धरून ठेवते. नांदुऱ्यात मे महिन्यात ओला पंचा डोक्याला गुंडाळून आपण जो गारवा मिळवतो, तोच बर्फात जिवावर उठतो.

तरी मास्तरांच्या समाधानासाठी सांगतो, कापूस अगदीच वाया गेला नाही. 1879 साली टॉमस बर्बेरी या इंग्रज कापडवाल्याने गॅबर्डिन काढले. त्यात सूत विणण्याआधीच जलरोधक करत आणि वीण घट्ट ठेवत. 1924 साली जॉर्ज मॅलरी एव्हरेस्टवर गेला तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे थरावर थर होते आणि सर्वांत वर गॅबर्डिन होते. तो परतला नाही. 1999 साली त्याचा देह सापडला, तेव्हा कपड्यावर गोडाल्मिंग गावच्या दुकानदाराचे लेबल शाबूत होते. पुढे तसेच कपडे पुन्हा शिवून 2006 साली एव्हरेस्टवर घालून पाहिले. हवा चांगली असेल तर चालण्यापुरते ते पुरेसे होते, रात्र उघड्यावर काढण्यापुरते नव्हते. त्याच्याही आधी, 1922 साली, जॉर्ज फिंचने फुग्याच्या कापडात पिसे भरून कोट शिवून घेतला होता. सोबती आधी त्या कोटाला हसले आणि वर गेल्यावर त्याच्याकडे आशेने पाहू लागले. आजची सगळी फुगीर जाकिटे त्या कोटाची नातवंडे.

एवढा इतिहास वाचल्यावर माझ्या लक्षात आले की यादीत महाग आहे ते नाव, थर नव्हे. मग मी घरातच शोध सुरू केला. पहिल्या थराला लोकरी-नायलॉनी मिश्रणाची जुनी गंजी सापडली. तिसऱ्या थराला पावसाळी रेनकोट होता, पँटसकट. दुसऱ्या थराला आमच्या हिने लग्नाच्या पहिल्या वर्षी विणलेला स्वेटर निघाला. त्याचा एक हात दुसऱ्यापेक्षा दोन बोटे लांब आहे. "तेव्हा मी तुम्हाला नीट पाहिलंच नव्हतं," असे तिचे म्हणणे.

राहिलेली लोकरी खरेदी मी अकोल्यात तिबेटी स्वेटरवाल्यांकडे केली. आमच्या भागात हिवाळा येतो तो यांच्या तंबूंबरोबर. 1959 साली दलाई लामा हिमालय ओलांडून भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो निर्वासित आले. 1972 साली त्यांची एक वसाहत आपल्या विदर्भातच झाली. ती गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, आता गोंदियात आहे. बर्फातली घरे गमावलेली माणसे लुधियानाचे स्वेटर आणून उन्हातल्या लोकांना विकतात. पोटासाठी याहून उलटा धंदा कोणाच्या वाट्याला आला नसेल. तिथल्या आजीबाईंनी माझी यादी पाहिली आणि मोज्यांचे तीन जोड मी उचलले होते त्यातले दोन काढून ठेवले. "एकच घाल. तीन घातले तर बूट आवळतो, पाय गार पडतो." हे ज्ञान फुकट मिळाले. यादीत नव्हते.

भुसावळला आम्ही झेलम एक्स्प्रेस धरली. रात्री उशिरा गाडी एका स्टेशनात थांबली. मी खिडकीची काच वर केली तर पाटी दिसली: पानिपत. मराठी माणूस हे नाव नुसते वाचत नाही. सदाशिवरावभाऊंची फौज परतूरहून निघाली ती मार्च 1760 मध्ये. परतूर आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले, तिथला मार्च काय असतो ते मला चांगले ठाऊक आहे. त्या उन्हात निघालेल्या माणसाला पुढच्या हिवाळ्याचा कपडा सुचेल कसा? नोव्हेंबरपासून फौज इथे अडकली, अब्दालीने रसद तोडली आणि उपाशी पोटी, अपुऱ्या कपड्यांत 14 जानेवारी 1761 चा दिवस उजाडला. पराभवाची कारणे विद्वानांनी पुष्कळ सांगितली आहेत. मला त्या क्षणी खिडकीतून आलेला वारा तेवढा कळला. मी काच खाली केली.

आणि त्याच पानिपतात आज काय चालते? परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात आणि स्वस्त ब्लँकेटे विणतात. ही युक्ती 1813 साली इंग्लंडातल्या बॅटली गावी बेंजामिन लॉने काढली. भूकंप-पुरात वाटायच्या ब्लँकेटांत पानिपतचा माल पुष्कळ असतो. ज्या गावी आपली माणसे कुडकुडली, ते गाव आता जगाला पांघरूण घालते. अडीचशे वर्षे उशीर झाला, एवढेच.

गुलमर्गला इंग्रज फौजी अधिकाऱ्यांनी 1927 साली स्की क्लब काढला होता. आता फळ्या, बूट, काठ्या भाड्याने मिळतात आणि खाली टंगमर्गला लांब कोट आणि गमबूटसुद्धा. पहिल्या स्कीइंगला या वस्तू विकत घेणारा माणूस पहिल्या पोहण्याला विहीर विकत घेईल.

माझा रेनकोट पाणी अडवण्यात उत्तम ठरला. फक्त तो गुळगुळीत होता. मी पडलो की इतर लोक जिथे पडत तिथेच थांबत, मी मात्र पडल्यापडल्या निम्मा डोंगर उतरत असे. फेरन घातलेले एक काश्मिरी आजोबा आतल्या कांगडीवर हात शेकत हा प्रकार पाहत होते. त्यांच्यापाशी ना तीन थर होते ना यादी.

दुसऱ्या दिवशी अशाच एका लांब प्रवासानंतर मुलगी मला उठवायला आली. तिने हात पुढे केला आणि मला तिचा हातमोजा दिसला. साधा विणलेला, भिजून लगदा झालेला, आतली बोटे निळसर. माझ्या हातांत जाड, अस्तराचे, पाणी न शिरणारे मोजे होते. "सेलमध्ये दोन जोड मिळाले," असे सांगून तिने ते मला दिले होते आणि मीही फुकटात ऊब आली म्हणून घातले होते.

"दुसरा जोड कुठाय?"

"अहो बाबा, चालतंय."

जोड एकच होता. मी तिच्या पगारातला एक मोजाही घ्यायचा नाही असे ठरवले होते आणि दोन घालून बसलो होतो. एवढा इतिहास वाचून, पानिपतावर उसासा टाकून, आपल्याच घरची रसद कोठून येते आहे हे मी पाहिले नव्हते. मी काही बोललो नाही. लांब हाताचा स्वेटर काढून तिला घातला. बाही तिच्या बोटांच्याही पुढे गेली, तेव्हा कळले की तो हात कशासाठी जास्त विणला गेला होता. मग खाली जाऊन तिच्यासाठी चांगले मोजे घेतले, न घासाघीस करता. हिला हे अजून खरे वाटत नाही.

आता ते सारे सामान घरी एका ट्रंकेत आहे. गावात कोणी केदारनाथला, अमरनाथला निघाले की आधी आमच्याकडे येतात. हिने एक वही केली आहे: काय नेले, कोणी नेले, कधी आणणार. हातमोजे गेल्या उन्हाळ्यात बद्रीनाथला जाऊन आले. स्वेटर मात्र वहीत नाही. तो पुण्याला आहे आणि परत येण्याचे लक्षण नाही.