बॅटऱ्यांच्या पेट्यांत अण्वस्त्राचे भाग

२००६ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील हिल वायुदल तळावरून तैवानकडे काही पेट्या रवाना झाल्या. तैवानने आपल्या ह्यूई हेलिकॉप्टरांसाठी बॅटऱ्या मागवल्या होत्या. प्रत्यक्षात पोहोचले ते मिनिटमन या आंतरखंडीय अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राच्या अग्रभागात बसणारे चार फ्यूज-संच! शीर्ष लक्ष्याजवळ येताच स्फोटाचा विद्युत संकेत देणे, हे या संचाचे काम. त्यात किरणोत्सारी द्रव्य नसते. परंतु रचना गोपनीय असते.

चुकीची मुळे आदल्या वर्षात होती. मार्च २००५ मध्ये हे जादा सुटे भाग वायोमिंगमधील वॉरन तळावरून हिलच्या कोठारात आले आणि तेथे सामान्य मालाच्या विभागात ठेवले गेले. कोठारातील कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने ती इतर हजारो खोक्यांसारखीच खोकी. खरा प्रश्न पुढचा आहे. दर तिमाहीला होणाऱ्या साठातपासणीत ही तूट उघड व्हायला हवी होती. ती झाली नाही. मागवलेला माल हा नव्हे, असे तैवानने कळवल्यावरही बॅटऱ्यांचा भलताच प्रकार पाठवला गेला असावा, असेच अमेरिकी अधिकारी समजत राहिले.

मार्च २००८ मध्ये खरा प्रकार लक्षात आला. भाग तातडीने परत आणून पेंटागॉनने चूक जाहीर केली. ठिकाण तैवान असल्याने प्रकरण अधिकच नाजूक बनले. चीनने तीव्र चिंता व्यक्त करून सखोल चौकशीची मागणी केली. अण्वस्त्राचे भाग तैवानला हेतुपुरस्सर पाठवले नाहीत, हे बीजिंगला पटवणे किती अवघड असेल, याची कल्पना करता येते.

त्याआधीच, ऑगस्ट २००७ मध्ये, सहा अण्वस्त्रसज्ज क्रूझ क्षेपणास्त्रे कोणाच्याही लक्षात न येता बी-५२ विमानातून मायनॉटहून बार्क्सडेल तळावर गेली होती. ॲडमिरल कर्कलँड डोनाल्ड यांनी तैवान प्रकरणाची चौकशी केली आणि दोन्ही घटनांमागे तेच कारण दिसले: अण्वस्त्रांबाबतची शिस्त व देखरेख वर्षानुवर्षे सैल होत गेली होती. जून २००८ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी वायुदलाचे मंत्री मायकेल विन आणि वायुदलप्रमुख जनरल मायकेल मोझली या दोघांनाही पायउतार व्हायला लावले. अमेरिकी वायुदलाच्या इतिहासात असा प्रसंग विरळाच.

तरीही अवजारांची हेळसांड थांबली नाही. मिनिटमन-३ हे १९७० पासून सेवेत असलेले अस्त्र; मोन्टाना, नॉर्थ डकोटा आणि वायोमिंग येथील तीन तळांवर अशी सुमारे ४५० क्षेपणास्त्रे होती. त्यांवर अण्वस्त्रशीर्ष बसवताना बोल्ट आवळण्यासाठी विशिष्ट अवजारसंच लागतो. २०१४ च्या आढाव्यात आढळले की तिन्ही तळांत मिळून असा संच एकच उरला होता. ज्या तळाला गरज पडेल, तेथे तो फेडेक्स कुरिअरने पाठवला जाई. कर्मचाऱ्यांनी ही व्यवस्था इतकी सुरळीत चालवली होती की वरिष्ठांना टंचाई जाणवलीच नसावी.

नोव्हेंबर २०१४ मध्ये संरक्षणमंत्री चक हेगल यांनी ही बाब पत्रकारांसमोर सांगितली. तोवर प्रत्येक तळाला स्वतंत्र संच मिळाला होता. लवकरच प्रत्येकी दोन असतील, असेही त्यांनी जाहीर केले.