खातेवही, खानावळ आणि काचेच्या दाराचं दुकान



आपल्या जामखेडमध्ये आता अपार्टमेंटचे फलक नवीन राहिलेले नाहीत. वर फ्लॅट, लिफ्ट, पार्किंग आणि खाली काचेच्या दाराचं मार्ट. आत गार हवा, हातात ट्रॉली. डाळीचं पाकीट आपणच उचलायचं, बिल द्यायचं आणि निघायचं. "वहिनी, सासूबाईंचा गुडघा कसा आहे?" असं कुणी विचारत नाही, आणि "राहू द्या, वहीत लिहून ठेवतो" असंही कुणी म्हणत नाही.

आपल्यातल्या कितीतरी घरांचं पोट दोन-तीन पिढ्या किराणा दुकानावर भरलं. त्यामुळे हा बदल आपल्याला दोन्ही बाजूंनी लागतो. गल्ल्यावर बसणारं घरही आपलं, पिशवी घेऊन जाणारी बाईही आपलीच. म्हणून आज इतिहास सांगते, मुंबईच्या गिरणगावाचा. लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी या भागांतल्या उंच इमारतींत आता आपल्या समाजाच्या मुलीही संसार करतात. त्या जागी आधी कोण राहत होतं आणि त्यांच्या घरात किराणा कसा येत होता, हे त्यांना आणि आपल्यालाही ठाऊक असावं.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत गिरण्यांच्या चिमण्यांचं एक गावच उभं राहिलं. कोकणातून आणि घाटावरून पुरुष कामाला आले. बायका-मुलं गावी, आणि हे दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे. त्यांना जेवू घालायला खानावळवाल्या होत्या. एखाद्या कामगाराची बायको किंवा विधवा आपल्याच खोलीत चूल पेटवून दहा-वीस जणांना दोन वेळचं जेवण द्यायची. पैसे मिळायचे पगाराच्या दिवशी. तोवर तांदूळ, डाळ, तेल ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून उधार आणायची. म्हणजे कामगार खानावळवालीच्या भरवशावर, आणि ती दुकानदाराच्या वहीच्या भरवशावर.

तिथला बाजारही लोकांनी झगडून मिळवला होता. १९३२ मध्ये लालबागच्या पेरू चाळीतला बाजार बंद झाला आणि कोळी बांधव, लहान व्यापारी उघड्यावर आले. त्यांनी बाजाराच्या कायम जागेसाठी नवस बोलला. जागा मिळाली आणि १९३४ पासून तिथे गणपती बसू लागला. तोच आजचा लालबागचा राजा. दर्शनाला रांगा लावणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की हा नवस भाजी-बाजाराच्या जागेसाठी होता? पुढे १९४८ मध्ये नायगावला कामगारांनी स्वतःचं ग्राहक सहकारी दुकान काढलं. त्याचंच 'अपना बाजार' झालं.

१९७३-७४ च्या हिवाळ्यात गिरण्यांचा संप ४२ दिवस चालला. पगार नाही म्हणून खानावळवाल्यांनी ताटं बंद केली नाहीत. उधारी वाढली, दागिने गहाण पडले, सावकाराचं व्याज चढत गेलं. कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी हे पाहिलं आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ज्या बाईचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नव्हतं, तिला राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळू लागलं. स्वयंपाक हे काम आहे आणि त्याला पत आहे, हे बँकेच्या कागदावर आलं. ज्यांची उभी हयात स्वयंपाकघरात जाते, त्या आपण बायकांनी हे नाव लक्षात ठेवावं.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. महिनोन् महिने पगार नसताना घरं जगली ती गावच्या धान्यावर, बायकांच्या मिळेल त्या कामावर, आणि जिथे वही उघडी राहिली तिथे तिच्यावर.

इथे एक गोष्ट आपल्याला कडू लागली तरी सांगितली पाहिजे. वहीला दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्याच जिल्ह्यात दिसली. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबई श्रीमंत झाली. शेतकऱ्यालाही सढळ हाताने कर्ज मिळालं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. सारा मात्र वाढला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात शेतकरी उठले आणि पाहता पाहता पुणे-नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत मारवाडी, गुजर सावकारांच्या दारात गर्दी झाली. लोकांना हव्या होत्या त्या वह्या आणि कर्जरोखे. ते हाती लागले की रस्त्यात आणून जाळले. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा आला. लालबागच्या वहीने माणसं जगवली आणि सुप्याच्या वहीने त्यांची जमीन गिळली. कागद तसलाच, फरक लिहिणाऱ्याच्या मनातला.

आता गिरण्यांच्या जमिनीकडे येते. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक भाग म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी साधारण तिहेरी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, बांधकाम उभं होतं ती जमीन त्यातून वगळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये बदललेला नियम कायम राहिला. मोकळ्या जागा आणि कामगारांची घरं आक्रसली, टॉवर वाढले. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. घरं ६,९२५ आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास.

फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला. तिथल्याच पॅलेडियममध्ये २०११ साली 'फूडहॉल' नावाचं उंची किराणा दुकान उघडलं. परदेशी चीज, ऑलिव्हचं तेल, तऱ्हेतऱ्हेचं मीठ. जिथे कामगार डबा उघडायचा, त्या आवारात हे सगळं आलं. पण या दुकानाचंही पुढे काय झालं पाहा. गिऱ्हाइकाला ते एक रुपयाची उधारी देत नव्हतं, आणि ज्या फ्यूचर समूहाचं ते होतं तो समूहच कर्जात बुडाला. २०२३ मध्ये 'फूडहॉल'ला कुलूप लागलं.

नव्या दुकानाला मी नावं ठेवत नाही. तिथे भाव छापलेला असतो, वजन नेमकं असतं, आणि सॅनिटरी पॅडचं पाकीट मुलगी स्वतः उचलते, कागदात गुंडाळून मागावं लागत नाही. तिसऱ्या व्रताच्या अतिचारांत खोटं तोल आणि खोटं माप येतं. ते दर प्रतिक्रमणात म्हणणाऱ्या आपल्याला चोख वजनाचं मोल कुणी सांगायला नको. पण त्या दारातून ऊसतोडीला जाणारी बाई आत जाऊ शकत नाही. आपल्या तालुक्यातली ही घरं दिवाळीच्या सुमाराला निघतात, जाताना किराणा भरून नेतात, आणि पट्टा पडला की परत येऊन हिशेब चुकता करतात. वही संपली तर तिने कुठे जायचं? मुकादमाकडे उचल वाढवून मागायची, एवढंच उरतं.

टॉवरमध्ये राहणाऱ्या आपल्या लेकींसमोरचा प्रश्न वेगळा आहे. २०१५ च्या पर्युषणात मांसविक्री बंदीवरून मुंबईत मोठा वाद झाला, हे सगळ्यांना आठवत असेल. तेव्हापासून शेजारपाजारी आपली ओळख 'हे काय काय खात नाहीत' एवढीच उरू लागली आहे. आपला आहार आपण पाळूच. पण ज्या जमिनीवर खानावळवालीने दागिना गहाण ठेवून परक्या पुरुषांना जेवू घातलं, तिथे राहताना आपल्या घरून कुणाच्या ताटात काय गेलं, हेही लोकांना दिसायला हवं. बारावं व्रत अतिथी संविभागाचं आहे. त्याचा पहिला मान साधू-साध्वींचा. पण आपल्या घासातून दुसऱ्याचा वाटा आधी काढायचा, ही त्यातली शिकवण दाराच्या वॉचमनपाशी आणि मोलकरणीपाशी का थांबावी?

उपासकदशांगातला आनंद श्रावक आठवा. बारा कोटी सुवर्णमुद्रांचा धनी, पण फळ कोणतं, तूप कोणतं, दातवण कशाचं, याचीसुद्धा त्याने मर्यादा बांधली. आज तीस प्रकारच्या बिस्किटांसमोर ट्रॉली घेऊन उभं राहिलं की सातवं व्रत पुस्तकातून उठून समोर येतं.

म्हणून मैत्रिणींनो, दोन गोष्टी सुचवते. मार्टमध्ये जरूर जा, पण महिन्याच्या यादीतल्या चार वस्तू तरी गल्लीतल्या लहान दुकानातून घ्या. ते दुकान आपल्या रोख पैशावर टिकलं, तरच दुसऱ्या कुणाला तिथे उधार मिळेल. आणि ज्यांच्या घरी अजून दुकान आहे, त्यांनी रात्री हिशेबाला बसणाऱ्या घरच्या माणसाला एवढंच विचारावं: आज वहीत कुणाचं नाव लिहिलं, आणि त्यावर व्याज किती लावलं?