छत्तीस तासांत न मावणारा पावसाळा

'हॅकेथॉन' हा शब्द १९९९ सालचा. त्या वर्षी जूनमध्ये ओपनबीएसडी या संगणक प्रणालीवर काम करणारे मोजके प्रोग्रामर कॅनडातल्या कॅल्गरी शहरात एकत्र बसले आणि त्या बैठकीला हे नाव पडलं. ही सगळी मुरलेली माणसं होती. प्रश्न आधीच ठरलेला होता, साधनं हाताशी होती, म्हणून वेळ आवळला तरी चाललं. आपल्याकडे २०१७ मध्ये स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू झाला तेव्हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सरकारी खात्यांनी तयार प्रश्न दिले आणि ते सोडवायला ३६ तास दिले. हा साचा इतका रुजला की, हॅकेथॉन म्हटलं की जागरण, चहा आणि पहाटेचं सादरीकरण हेच डोळ्यांसमोर येतं. २०२० मध्ये करोनामुळे ही स्पर्धा ऑनलाइन झाली. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने इंटेलच्या साथीने सरकारी शाळांतल्या आठवी ते बारावीच्या मुलांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा ऑनलाइन उपक्रम जाहीर केला. तेव्हापासून शाळकरी मुलांचा व्हर्च्युअल एआय हॅकेथॉन म्हणजे अभियांत्रिकीच्या हॅकेथॉनचा धाकटा भाऊ, असं धरून चालायची सवय लागली आहे. मला हे नातं चुकीचं वाटतं. त्याचं खरं घराणं वेगळं आहे, जुनं आहे, आणि वसई-विरारसारख्या ठिकाणी तर ते ओळखून घेणं फार गरजेचं आहे.

त्या घराण्यातलं एक ठळक नाव म्हणजे डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ मध्ये ती सहावी आणि नववीच्या मुलांसाठी सुरू केली. लेखी परीक्षा ही तिची फक्त पहिली पायरी. पुढे प्रात्यक्षिक, त्यानंतर मुलाने स्वतः केलेला कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत. दुसरं नाव राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेचं. ती १९९३ पासून देशभर भरू लागली. दहा ते सतरा वयाची मुलं, बरोबर एक मार्गदर्शक, आपल्याच भागातला एखादा प्रश्न, काही महिने केलेल्या नोंदी आणि आपल्या भाषेत लिहिलेला अहवाल, असं तिचं रूप. या दोन्ही ठिकाणी आयता प्रश्न कुणी देत नाही. तो शोधून काढणं हाच परीक्षेचा अर्धा भाग असतो, आणि घड्याळापेक्षा नोंदवहीला मान असतो. २०२० च्या सरकारी उपक्रमाची बांधणी पाहिली तर तीही याच वळणाची आहे. आधी प्रशिक्षण, मग कल्पना मांडणं, मग निवडलेल्या मुलांना मार्गदर्शन आणि शेवटी नमुना. म्हणजे मुलांसाठी खरोखर काही आखायची वेळ आली तेव्हा ३६ तासांचा साचा बाजूला ठेवावा लागला.

वसईला या परंपरेचा लाभ मिळत होता, पण अंतराची किंमत मोजून. विरारपर्यंत विजेची लोकल १९३६ मध्ये आली. तरीही मुंबईतल्या स्पर्धेच्या केंद्रावर सकाळी वेळेत पोहोचायचं तर मुलाबरोबर कुणीतरी एक दिवसाची रजा टाकायची आणि चर्चगेटच्या गर्दीत मुलाला सांभाळून न्यायचं. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वसईची मुलं त्या अवाढव्य ठाणे जिल्ह्यात मोडत, ज्याचं एक टोक तलासरीला होतं आणि दुसरं उल्हासनगर-अंबरनाथपाशी. उच्च शिक्षणाने अंतर कापायला आधी सुरुवात केली. विद्यावर्धिनीचं अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय १९७१ चं, तर त्याच संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ चं. शाळकरी मुलांच्या वाट्याला मात्र लोकलचा प्रवास उरलाच होता. व्हर्च्युअल स्पर्धेने तो एका फटक्यात पुसून टाकला. २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर गेलेल्या वसई-विरार महापालिकेतल्या मुलांसाठी ही गोष्ट लहान नाही, आणि जुन्याचं कौतुक करताना तिचं श्रेय नाकारण्यात अर्थ नाही.

पण प्रवास वाचला म्हणून अभ्यासही आखूड करायचा, हे कुठून आलं? कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषयच मुळी घाईला न मानवणारा आहे. समजा, अर्नाळ्याच्या मुलांनी फोटोवरून मासा ओळखणारं एक मॉडेल तयार करायला घेतलं. बोंबील बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले असतात, म्हणून त्यांचे फोटो तिथे निघाले. मांदेली बाजारात मिळाली, म्हणून तिचे फोटो टोपलीत. मॉडेल दोन्ही अचूक ओळखतं, पडद्यावर ९८ टक्के झळकतात, टाळ्या पडतात. मग कुणीतरी टोपलीतला बोंबील दाखवतं आणि मॉडेल ठामपणे म्हणतं, मांदेली. ते मासा शिकलेलंच नसतं, ते वलांडी आणि टोपली शिकलेलं असतं. ही चूक सापडणं हाच या विषयातला पहिला धडा, आणि ती सापडायला पुन्हा बंदरावर जावं लागतं. वेगळ्या उजेडात, वेगळ्या भांड्यात, ओल्या आणि सुक्या माशांचे नवे फोटो काढावे लागतात. ३६ तासांच्या स्पर्धेत ९८ टक्क्यांपाशीच शिटी वाजते.

मोठ्या प्रश्नांची तर गोष्टच सोडा. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी चढून गाड्या अडकल्या, मिठागरातल्या वस्तीला वेढा पडला. आपल्या गल्लीत पाणी कधी चढेल याचा अंदाज बांधणारं काहीतरी करावं, असं इथल्या मुलाला वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण त्यासाठी पावसाच्या नोंदी हव्यात, भरती-ओहोटीच्या वेळा हव्यात, आणि रोज एकाच खांबावर पाणी कुठवर आलं याची खूण हवी. ती सामग्री इंटरनेटवरून उतरवता येत नाही. त्याला एक पावसाळा द्यावा लागतो.

यावर पहिला आक्षेप असा की, मुदतीशिवाय मुलं हलत नाहीत. दिवाळीतला मातीचा किल्ला दोन-तीन दिवसांत उभा राहतोच की, आणि वसईच्या ख्रिस्ती वाड्यांतला नाताळचा गोठाही. हे खरं आहे, आणि त्या घाईतला आनंदही खरा आहे. पण किल्ला कसा असतो हे मुलांना आधीच माहीत असतं. बुरूज, दरवाजा, मावळे यांची जागा ठरलेली असते. उरतं ते हाताचं काम. इथे प्रश्नच सापडलेला नसतो. शेवटच्या दोन दिवसांत सादरीकरणाची धावपळ जरूर असावी, पण त्याआधीचे महिने त्यात गिळले जाऊ नयेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरी बसून केलेलं काम मुलाचं कशावरून? आता तर पालकांचीही गरज नाही, एआयलाच सांगितलं की प्रोग्राम लिहून मिळतो. पण विज्ञान प्रदर्शनातले थर्माकोलचे ज्वालामुखीही सगळे मुलांनी केलेले नव्हते. त्यावर होमी भाभा स्पर्धेकडे मुलाखत हा उपाय आहे. ज्याने नोंदी स्वतः घेतल्या त्याला कोणत्या दिवशी नोंद चुकली आणि का, हे सांगता येतं. विकत घेतलेल्या किंवा यंत्राने लिहून दिलेल्या कामाला चुकलेला दिवस नसतो.

तिसरा मुद्दा भाषेचा, आणि तो मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाटतो. मोबाइल, वीज, इंटरनेट यांची अडचण आहेच, पण सूचना, प्रशिक्षण आणि सादरीकरण इंग्रजीत ठेवलं की मराठी शाळेतला मुलगा दारातूनच परततो. मराठीत ते होणारच नाही असं म्हणणाऱ्यांनी बाल विज्ञान परिषदेचे अहवाल आठवावेत. आणि वसईत तर मराठीच्याही पलीकडे काम पडलं आहे. इथल्या सामवेदी आणि कुपारी घरांत कादोडी बोलली जाते, वाडवळांची बोली वेगळी, कोळ्यांची वेगळी, पूर्वेच्या पाड्यांवर वारली. मराठी बोलणं टिपणाऱ्या यंत्रापुढे यातली एखादी आजी बोलायला बसली की पडद्यावर भलतेच शब्द उमटतात. तो आवाज गोळा करायला आजीची परवानगी हवी, तिच्या विहिरीच्या, रहाटाच्या, सुकेळीच्या गोष्टी शांतपणे ऐकायला वेळ हवा, आणि एकेका शब्दाचा अर्थ तिच्याकडूनच ठरवून घ्यायला हवा. हे काम करायला आठवीतल्या नातवाइतकं योग्य कुणी नाही. जूनमध्ये शाळा उघडताना स्पर्धा जाहीर झाली आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर काम मागितलं, तर ते त्याला जमेल.