कागदाच्या गावातल्या मांजरी

1868 सालच्या सप्टेंबरात लंडनच्या मनीऑर्डर कचेरीत तीन मांजरी नोकरीला लागल्या. उंदरांनी कचेरीतल्या कागदांचा फडशा पाडायला घेतला होता, म्हणून तिथल्या प्रमुखाने मांजरी पोसायला आठवड्याला दोन शिलिंग मागितले. वरून एकच मंजूर झाला, तोही तिघींत मिळून, आणि बाकीचं पोट त्यांनी उंदरांवर भरावं असं कळवण्यात आलं. पुढच्याच वर्षी त्यांचं काम चोख असल्याचा अहवाल गेला. ब्रिटिश टपाल खात्यात मांजरांची ही नोकरी शंभराहून जास्त वर्षं टिकली. टिब्स नावाचा बोका 1950 पासून 1964 पर्यंत मुख्यालयात होता. त्याचं वजन दहा किलोंवर गेलं होतं आणि भत्ता आठवड्याला अडीच शिलिंग होता. शेवटचा ब्लॅकी 1984 मध्ये गेला. त्याच सुमारास टपालाची कापडी पोती जाऊन उंदरांना न कुरतडता येणारी प्लॅस्टिकची पोती आली, आणि ब्लॅकीची जागा भरायची गरजच उरली नाही.

मी आज लंडनमध्ये हॅरोला राहते. घरात एक मांजर आहे, आणि मी नेपानगरची आहे, कागदाच्या गावची. त्यामुळे कागद आणि मांजर यांचा संबंध मला कोणी समजावून सांगावा लागत नाही. जिथे कागद साठतो तिथे उंदीर येतो आणि उंदरामागे मांजर येतं. धान्याच्या बाबतीत हेच कितीतरी आधी घडलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं. पहिल्या शेतकऱ्यांच्या कणग्यांपाशी आलेल्या रानमांजरांचीच ती जात.

नेपानगरची गोष्ट 1947 मध्ये सुरू होते. वर्तमानपत्राचा कागद देशातच करायचा म्हणून नायर प्रेस सिंडिकेट या खाजगी कंपनीने गिरणीचा घाट घातला. 1949 मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारने ती हाती घेतली, 1955 मध्ये कागद निघू लागला, आणि 26 एप्रिल 1956 रोजी पंडित नेहरूंनी ती देशाला अर्पण केली. आधी गिरणी आली, मग गाव. गावाचं नावही गिरणीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडलं. बुऱ्हाणपूर आणि खंडव्याच्या मधलं हे स्टेशन. भोवती सालईचं आणि बांबूचं जंगल, म्हणून ही जागा निवडली. सालई म्हणजे जिचा डिंक धूप म्हणून जाळतात ते झाड. इमारतीला त्याचं लाकूड फारसं कामाचं नाही, पण दळून लगदा करायला चालतं. सालईचा दळलेला लगदा आणि बांबूचा शिजवलेला लगदा एकत्र करून आमच्या गावचा कागद व्हायचा. 1981 पर्यंत देशात वर्तमानपत्राचा कागद करणारी ही एकच गिरणी होती.

मराठी माणसाच्या दृष्टीने इथे एक तारीख महत्त्वाची आहे, आणि ती मला नेहमी सांगावीशी वाटते. नेहरू आले त्या दिवशी त्या राज्याची राजधानी नागपूर होती. सहा महिन्यांनी, 1 नोव्हेंबर 1956 ला, राज्यपुनर्रचना झाली. नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, आमचा निमाड जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळ झाली. कामाला आलेली मराठी माणसं आहे त्या क्वार्टरमध्ये बसल्याबसल्या परराज्यातली झाली. भुसावळ-जळगावला नातेवाईक, मुलांची शाळा हिंदीतून, घरात मराठी, बाजारात निमाडी. परमुलखात घर कसं मांडायचं हे मी इंग्लंडला येण्याच्या कितीतरी आधी आईकडे पाहून शिकले होते.

बाबा पेपर मशीनवर होते. घरी आलेलं कुठलंही वर्तमानपत्र आधी ते कोपऱ्यात चिमटीत धरायचे, अंगठ्याने चोळायचे, मग उजेडासमोर धरून पाहायचे आणि सांगायचे, ‘हा आपला.’ किंवा नुसतंच ठेवून द्यायचे, म्हणजे तो परदेशी. आपला कागद थोडा करडा आणि जरा खरबरीत असायचा, आणि उन्हात राहिला की भराभर पिवळा पडायचा. लाकूड नुसतं दळून केलेल्या लगद्यात लिग्निन तसंच राहतं, त्यामुळे ते पिवळेपण येतं. बाबांना मात्र त्या पिवळ्या कागदाचा मनापासून अभिमान होता. रद्दी आमच्याकडे कधी लगेच विकली जायची नाही. ती जाळीच्या कपाटाशेजारी, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून थप्पीने रचलेली असायची. डब्यांखाली कागद, फळ्यांवर कागद, आणि थप्पीच्या सगळ्यात वर मनी. मांजरी बदलायच्या, नाव तेच राहायचं. दळलेल्या लाकडाचा हा कागद पोकळ असतो, अंगाची ऊब धरून ठेवतो. थंडीत गार फरशी सोडून मांजर त्यावर का चढतं याचं कारण एवढंच.

मनी आमची होती असं म्हणणं मात्र बरोबर नाही. ती आमच्या क्वार्टरांच्या ओळीची होती. सकाळचं दूध आमच्याकडे, दुपारी शेजारच्या केरळी मावशींकडे माशाचं डोकं, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बंगाली काकूंच्या पायरीवर मुक्काम. प्रत्येक घरात तिला वेगळं नाव होतं आणि ती सगळ्या नावांना ओ द्यायची. पिल्लं झाली की मांजर ती सात घरं फिरवते असं आई म्हणायची. आमच्या ओळीत ते अक्षरशः पाहायला मिळायचं: तोंडात पिल्लू धरून मनी भिंतीकडेने चाललेली, आणि ज्या घरात ती शिरेल त्या घरच्या बाईने काही न बोलता जुनी साडी खोक्यात अंथरलेली. सटवाईचं वाहन म्हणून बाळंतिणीच्या घरी मांजरीला कोणी हाकलायचं नाही. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, हे तर प्रत्येक पोराला माहीत होतं. रीतभात म्हणून मांजराचं रक्षण करायची ही जुनी तजवीज होती, आणि माझ्या मते ती चांगली होती. ती नसती तर दूध सांडल्याच्या रागात कितीतरी मांजरी गेल्या असत्या.

कारण दुधावरून वैर रोजचंच होतं. आधी शिंकं, मग जाळीचं कपाट. कपाटाच्या कडीत आई लाकडी चमचा अडकवायची. गावात फ्रिज आले तेव्हा ही लढाई थांबली.

आई मनीला दूध-पोळी घालायची, आणि एवढ्यावर मांजर जगतं असं आमच्या शाकाहारी घरात सगळे समजत. ते तसं नसतं, हे पुढे विज्ञानाने सांगितलं. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही आणि पोळीत ते नसतंच. टॉरिन न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते हे 1975 मध्ये सिद्ध झालं, आणि हृदय फुगून निकामी होतं हे 1987 मध्ये. अमेरिकेत तोवर कितीतरी मांजरं विकतचं खाणं खाऊनही त्या रोगाने मरत होती, मग कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं. आमच्या मनीचं टॉरिन उंदरांतून, पारव्यांतून आणि केरळी मावशींच्या माशांतून येत होतं. दूध तर मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना पचतही नाही. म्हणजे पोटाचं बहुतेक मनी स्वतःच पाहत होती, टपाल कचेरीतल्या त्या तिघींसारखंच. आईच्या वाटीचा उपयोग वेगळा होता. त्या वाटीमुळे मनी रोज दारात यायची, आणि आजारी पडली तर कोणाच्या तरी लक्षात यायचं.

इंग्लंडमध्येही पूर्वी मांजर बाहेरचंच होतं. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गल्ल्यांतून घोड्याचं मांस काडीला टोचून विकणारे फेरीवाले फिरायचे, आणि त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे मांजरवाल्या बायका. 1871 च्या जुलैत क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं, आणि मांजर ही कौतुकाने पाहायची, जातिवंत असायची वस्तू झाली. पण माझ्या समजुतीने मांजर कायमचं घरात आलं ते कौतुकामुळे नाही, मातीमुळे.

ही मातीची गोष्टही 1947 चीच. अमेरिकेत मिशिगन राज्यात कॅसोपोलिस नावाचं लहान गाव आहे. तिथे जानेवारीत वाळूचा ढीग गोठला, म्हणून शेजारच्या एका बाईंनी एड लो या तरुणाकडे मांजरासाठी वाळू मागितली. तोवर त्या राख वापरत होत्या, आणि घरभर काळी पावलं उमटायची. लोच्या घरच्या धंद्यात तेल शोषून घेणारी भाजलेली चिकणमाती होती, त्याने ती दिली. बाईंना ती इतकी आवडली की त्या पुन्हा मागायला आल्या. लोने पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, वर नाव लिहिलं, भाव ठेवला 65 सेंट. वाळू फुकट मिळत असताना पैसे कोण देणार, असं दुकानदाराला वाटलं. लोने पिशव्या फुकट वाटायला सांगितल्या, आणि मग गिऱ्हाईकं पैसे देऊन मागू लागली. त्याआधी बहुतेक घरांत रात्री मांजराला बाहेर काढत. ही माती आल्यावर दार लावून मांजर आत ठेवता येऊ लागलं. बर्फाच्या मुलखात आणि वरच्या मजल्यांवर मांजर पाळणं या मातीमुळे सोपं झालं. 1980 च्या दशकात ओल लागली की गोळा होणारी बेंटोनाइट माती आली आणि काम आणखी सोपं झालं.

माझं घर पहिल्या मजल्यावर आहे, खाली रहदारीचा रस्ता. इथे मांजर असलेल्या पुष्कळ घरांत दाराला मांजरासाठी झडप असते आणि मांजर आपल्या मर्जीने जातं-येतं. माझं जात नाही. मांजर देण्यापूर्वी मांजरं सांभाळणाऱ्या संस्थेची बाई घर पाहायला आली. खिडक्यांची उघडझाप पाहिली, मातीचा टब कुठे ठेवणार, खाण्याचं भांडं कुठे, सुट्टीत कोण बघणार, सगळं विचारलं. मुलीचं स्थळ ठरवतानाही आमच्याकडे एवढी चौकशी होत नसे. मांजरी नसबंदी करूनच मिळाली. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप आहे. इंग्लंडमध्ये 10 जून 2024 पासून वीस आठवड्यांवरच्या प्रत्येक पाळीव मांजराला ती सक्तीची झाली. आता मांजरी माझ्या नावावर आहे, कायद्याने माझी. ओळीची नाही.

यातलं काय बरं, हे मी पुष्कळदा तोलून पाहिलं आहे. नेपानगरच्या मनीला सगळं गाव मोकळं होतं आणि पाच-सहा घरांची माया होती. पण तिची बहुतेक पिल्लं जगायची नाहीत. बोके मारायचे, पावसाळा मारायचा. आई दर वेळी पिल्लू मोगऱ्याच्या वाफ्यात पुरायची आणि दिवसभर गप्प असायची. त्या वाफ्याची आठवण आहे म्हणून नसबंदीबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. दारांबद्दल मात्र आहे. शेजाऱ्यांना माझ्या मांजरीचं नाव माहीत नाही.

मी टबात मातीऐवजी जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्याच्या कांड्या घालते. त्या दाबून वाळवलेल्या असतात, करड्या, आणि ओल्या झाल्या की पुन्हा लगदा होतात. पिशवी पहिल्यांदा फोडली तेव्हा गिरणीच्या बाजूने वारा आला की यायचा तो ओल्या कागदाचा वास आला. नेपानगरची गिरणीही पुढे जंगलातून रद्दीकडे वळली. जुनी वर्तमानपत्रं भिजवून, शाई काढून, त्यांचाच नवा कागद. मधली काही वर्षं उत्पादन बंद होतं, नूतनीकरणानंतर 2022 मध्ये गिरणी पुन्हा सुरू झाली.

बाबा निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडून बुऱ्हाणपूरला जायचं ठरलं, तेव्हा मी इथे आलेली होते. कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचं, असं आपल्याकडे म्हणतात. तेव्हाच्या मनीला मागे ठेवावं असं ओळीतल्या सगळ्यांचं मत पडलं, कारण नेली तरी ती रुळांच्या कडेने परत येणार. आईचा जीव होईना. तिने मला फोनवर विचारलं. इंग्लंडमध्ये जुन्या बायका घर बदलताना मांजराच्या पंजांना लोणी लावायच्या, चाटता चाटता ते रमतं म्हणून. इथल्या डॉक्टरांचा सल्ला साधा आहे: तीन-चार आठवडे बाहेर सोडायचं नाही, जुन्या घरातलं न धुतलेलं अंथरूण द्यायचं, टब आतच ठेवायचा. मी ते सांगितलं. बाबांनी पत्र्याच्या घमेल्यात वाळू भरली, मनीला टोपलीत घालून रेल्वेने नेलं, आणि खोलीत तिच्यासाठी रद्दीची थप्पी आधी लावून ठेवली. महिन्याने दार उघडलं. मनी अंगणात फिरली, भिंतीवर चढली आणि जेवायच्या वेळेला परत आली. आता ऐंशी उलटलेली आई गल्लीत कोणी घर बदलायला निघालं की आपण होऊन सांगते: महिनाभर दार लावा, घमेल्यात वाळू घाला, आणि तिची गोधडी धुऊ नका.